तळ्यातले मासे मेले, आळ कुणावर?

गावात जनावर मेले की महाराने विष घातले, हा आळ आमच्या वाडवडिलांनी पिढ्यानपिढ्या सोसला. जनावर म्हातारपणाने मरो, रोगाने मरो की चाऱ्यावाचून मरो, पहिला संशय महारवाड्यावर. कारण काय, तर मेलेले ढोर ओढायचा 'मान' आमचा. ढोर मेले तर फायदा कुणाचा, असा तो गावगाड्याचा न्याय. ढोरे ओढण्याचे काम आमच्या समाजाने केव्हाच टाकून दिले. गावगाड्याने मात्र आपला न्याय टाकलेला दिसत नाही. फक्त ढोराच्या जागी आता मासा आला आहे.

मे महिन्याची पहाट. शेततळ्यावर किंवा पाझर तलावावर मालक येतो, तर पांढरी पोटे वर करून मासे तरंगत असतात. कटला, रोहू, किलो-दीड किलोचे, चार दिवसांनी बाजारात जायचे. माणूस हबकतो, हे आम्ही समजू शकतो. वर्षभराचा पैसा त्याचा बुडालेला असतो. परंतु सूर्य वर यायच्या आत तळ्याकाठी एकच शब्द फिरू लागतो: 'विष टाकले.' आणि विष टाकणारा कोण याचा शोध सुरू झाला की तो शोध फार लांब जात नाही; वस्तीवर येऊन थांबतो. कुणीतरी पोरगा काल संध्याकाळी तळ्याच्या बांधावर बसला होता. कुणाचे तरी मजुरीवरून भांडण झाले होते. १४ एप्रिलच्या मिरवणुकीवरून कुणाचा तरी राग होता. झाले! फिर्याद तयार. अशी एकदोन प्रकरणे वकील म्हणून आमच्यापर्यंत आली आहेत. गावांची नावे आम्ही घेत नाही, कारण तिथली माणसे अजून त्याच गावात राहतात आणि त्याच बांधावरून जातात-येतात.

मासे कशाने मेले, हा प्रश्न मात्र कुणीच विचारत नाही. तो विचारावा म्हणून हा लेख.

काही वाचक म्हणतील, १ ऑगस्ट २०२४ च्या निकालाने अनुसूचित जातींचे उपवर्गीकरण दारात आणून उभे केले, शिष्यवृत्त्या रखडतात, ॲट्रॉसिटीचे खटले वर्षानुवर्षे पडून राहतात, आणि वकीलसाहेबांना मासे कुठून आठवले? बांधवहो, ज्याच्या घरात शेतीचा तुकडा नाही त्याला तळे हीच शेती. भटक्या जमातींत मोडणारा भोई समाज पिढ्यानपिढ्या पाण्यावर जगला. आमच्या बचत गटांतल्या कितीतरी भगिनी आज मत्स्यबीज आणून सोडण्याचा विचार करीत आहेत. चळवळीने पोटाच्या प्रश्नाकडे पाठ फिरवली तर चळवळ फक्त जयंतीपुरती उरेल.

नेसरी म्हटले की महाराष्ट्राला प्रतापराव गुजर आठवतात. २४ फेब्रुवारी १६७४ ला त्यांनी याच परिसरात देह ठेवला, त्यांचे स्मारक इथे आहे आणि ते असलेच पाहिजे. पण गडहिंग्लज तालुक्यातल्या या गावाला वर्तमानकाळही आहे. घटप्रभेचे हे खोरे. वर चंदगड तालुक्यात फाटकवाडीचे धरण, खाली कर्नाटकात हिडकलचे. पश्चिमेला चंदगड-आजऱ्याकडे पाऊस कोसळतो, पूर्वेला गडहिंग्लजकडे सरकावे तसा तो विरळ होत जातो. पावसाळ्यात तुडुंब दिसणारी तळी एप्रिल-मे मध्ये आटून गुडघ्याएवढी होतात. इथला पारा विदर्भासारखा चढत नाही. चंद्रपूर-ब्रह्मपुरीला ४५ च्या वर तापते तेव्हा आमच्याकडे संध्याकाळी वारा सुटतो. म्हणूनच इथे कुणाला वाटत नाही की उन्हाने तळ्यातले मासे मरतील. 'एवढे कुठे ऊन असते हो आपल्याकडे?' असे आम्हांला एका शिकल्यासवरल्या गृहस्थाने विचारले.

ऊन माणसाच्या मापाने मोजले की ही गफलत होते. हवामान खाते सपाट प्रदेशात कमाल तापमान ४० अंशांना पोहोचल्याशिवाय उष्णतेच्या लाटेचा विचारच करीत नाही. ती ४० ची रेघ हवेची आहे. मासा हवेत राहत नाही, पाण्यात राहतो, आणि त्याला माणसासारखे घाम गाळून अंग थंड ठेवता येत नाही. पाण्याचे जे तापमान तेच त्याच्या अंगाचे. रोहू, कटला, मृगळ या आपल्या जातींना साधारण २५ ते ३२ अंशांचे पाणी मानवते. ३५ च्या पुढे त्यांचे खाणे मंदावते. नदीतला मासा पाणी तापले की डोह धरतो, सावली धरतो. चार फूट पाण्याच्या तळ्यात कोंडलेला मासा कुठे जाणार?

आणि नुसत्या उष्णतेने तो मरतो असेही नाही. तो मरतो गुदमरून. एक लिटर पाण्यात २० अंशाला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३० अंशाला साडेसात, ३५ अंशाला सातच्या आसपास. पाणी जसे तापते तशी त्याची प्राणवायू धरून ठेवायची ताकद कमी होते. उलट पाणी दहा अंशांनी तापले की माशाच्या शरीराची प्राणवायूची गरज ढोबळमानाने दुप्पट होते. मिळकत घटली आणि खर्च दुप्पट झाला, की गरिबाच्या घरात जे होते तेच तळ्यात होते. सावकार तेवढा तिथे नसतो.

त्यात रात्रीचे गणित वेगळे. दिवसा तळ्यातले हिरवे शेवाळ ऊन खाऊन प्राणवायू सोडते. रात्री तेच शेवाळ माशांच्या बरोबरीने प्राणवायू ओढू लागते. तळाचा गाळ, न खाल्लेली शेंगदाण्याची पेंड, भाताचा कोंडा, माशांची विष्ठा हे सारे कुजतानाही प्राणवायूच खाते, आणि पाणी ऊन असले की ते कुजणे वेगाने होते. म्हणून पाण्यातला प्राणवायू सर्वांत कमी असतो तो पहाटे, सूर्य उगवण्याच्या सुमारास. लिटरमागे ५ मिलिग्रॅम असेल तर मासा सुखात असतो. ३ च्या खाली गेला की त्याचे हाल सुरू होतात. १ च्या आसपास आला की मरण. मासे पहाटे पाण्याच्या वर तोंड काढून आ वासताना दिसले तर ती मौज नव्हे, तो आकांत आहे.

सर्वांत दगाबाज तो वळीव. दिवसभराच्या उन्हाने तळ्याचे वरचे पाणी तापून हलके होते आणि तरंगते. खालचे जड पाणी तळाशीच कोंडून राहते, त्यातला प्राणवायू संपत जातो, गाळात विषारी वायू साठतात. वर कटला, मध्ये रोहू, तळाला मृगळ, अशी तीन मजल्यांची मत्स्यशेती आपल्याकडे शिकवतात. त्यातला तळमजला असा आधी नासतो आणि वरच्यांना पत्ता नसतो. मग एखाद्या संध्याकाळी मेघ गडगडतात, सोसाट्याचा वारा येतो, गार पाण्याच्या सरी वरच्या ऊन पाण्यावर पडतात आणि सारे तळे ढवळून निघते. तळाची घाण वर येते. दुसऱ्या दिवशी आभाळ भरलेले राहिले तर शेवाळालाही प्राणवायू करता येत नाही. माणसे म्हणतात, 'काल एवढा छान पाऊस झाला, गारवा आला, आणि आजच मासे कसे मेले? नक्की कुणीतरी घात केला.' घात झालेला असतो खरा, पण तो करणारा कुणी माणूस नसतो.

आता वकील म्हणून जे सांगायचे ते. विषाने मेलेले तळे आणि प्राणवायू संपून मेलेले तळे यांत फरक असतो, आणि तो डोळ्यांनी दिसण्यासारखा असतो. प्राणवायू संपला तर मरणाची वेळ पहाटेची असते आणि मोठे मासे आधी मरतात, लहान काही काळ तग धरतात. कीटकनाशकाला असा मोठ्या-लहानाचा विवेक नसतो आणि ते पहाटेची वाटही पाहत नाही. प्राणवायू संपला तरी बेडूक, पाण्यातले किडे, गोगलगायी बऱ्याच अंशी जिवंत राहतात. कीटकनाशक पडले तर पाण्यातले किडे आणि सूक्ष्म जीवही मरतात. मरळ हा मासा वर येऊन हवेतून श्वास घेऊ शकतो. तळ्यातले रोहू-कटला मेले आणि मरळ जिवंत असेल तर विषाच्या गोष्टीवर विश्वास ठेवण्याआधी कुणीही दहा वेळा विचार करावा. आदल्या दिवशी वळीव झाला होता काय, आभाळ होते काय, पाण्याचा रंग एकाएकी गडद हिरव्याचा तपकिरी झाला काय, हेही विचारावे.

आमच्याकडे आलेल्या एका प्रकरणात यातले काहीच विचारले गेले नव्हते. दोन पोरांना बोलावून दिवसभर बसवून ठेवले. पाण्याचा नमुना घेतला तो चौथ्या दिवशी, तोवर मेलेले मासे खड्ड्यात पुरून झाले होते. नमुना म्हणजे काय, तर प्लास्टिकच्या बाटलीत भरलेले, उन्हात ठेवलेले पाणी! त्यातून काय कळणार? त्या पोरांच्या बाजूने एकच गोष्ट उपयोगी पडली. वस्तीतल्या एका शाळकरी मुलीने त्या सकाळी मोबाइलवर तळ्याचा फोटो काढला होता आणि त्यात काठाला मोठमोठे कटला मेलेले, पण मध्ये बारकी मासळी तोंड वर काढून फिरताना स्पष्ट दिसत होती. फोटोवर वेळ होती, सकाळचे सहा. पुढे प्रकरण मिटले. 'मिटले' म्हणजे पोरांना घरी सोडले. त्यांची माफी कुणी मागितली नाही.

बाबासाहेबांनी आम्हांला शिका म्हणून सांगितले ते फक्त नोकरीसाठी नव्हे. पाण्यात प्राणवायू विरघळतो हे ज्ञानही एखाद्या निरपराध पोराची कोठडी टाळू शकते.

मेलेल्या माशांबद्दल बोलतो आहोत तर मरायच्या आधीचेही सांगितले पाहिजे, कारण दर वेळी सगळे तळे एका रात्रीत जात नाही. जास्त वेळा होते ते हळूहळू होते. उष्णतेच्या ताणात माशाच्या रक्तात ताणाची संप्रेरके वाढतात, रोगाशी लढण्याची ताकद घटते, वाढ खुंटते. पाण्यातला अमोनिया अधिक विषारी होतो. पाण्याचा सामू ८ असेल तर २० अंशाला एकूण अमोनियातला सुमारे ४ टक्के भाग विषारी रूपात असतो, ३० अंशाला तो साडेसात टक्क्यांच्या आसपास जातो. त्याने माशाचे कल्ले सोलवटतात. कल्ले सोलवटले की आहे तो प्राणवायूही घेता येत नाही. एरोमोनास जातीचे जिवाणू ऊन पाण्यात फोफावतात. अंगावर लाल चट्टे, जखमा, पोट फुगणे ही त्याची लक्षणे. माशाच्या अंगाला चिकटून रक्त शोषणाऱ्या उवांची पिढीही उन्हाळ्यात लवकर लवकर तयार होते.

मग शेतकरी औषधाच्या दुकानात जातो. दुकानदार जे देईल ते पाण्यात ओततो. माणसांची, कोंबड्यांची, जनावरांची प्रतिजैविके तळ्यात पडतात. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटाची औषधे खाण्याच्या माशांसाठी वापरायला बंदी आहे, हे किती दुकानांत सांगितले जाते? रोग जिवाणूचा दिसतो, पण मूळ असते तापलेल्या, कोंडलेल्या पाण्यात. ते पाणी सुधारल्याशिवाय औषध म्हणजे पैसे बुडवणे.

आणि मेलेला, मरायला टेकलेला मासा जातो कुठे? हा प्रश्न आम्हांला झोपू देत नाही. पंचगंगेत उन्हाळ्यात पात्र आटून मैलापाणी आणि कारखान्यांची घाण साचते, मासे तडफडू लागतात, आणि ते धरायला काठावर झुंबड उडते, हे कोल्हापूर जिल्ह्याने कितीदा पाहिले आहे. तळ्यातलाही असा मासा खड्ड्यात जातोच असे नाही. स्वस्तात विकला जातो. स्वस्तातला मासा कुणाच्या वस्तीत येतो हे वाचकांना आम्ही सांगायला नको. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी आमच्या लोकांकडून मृत ढोराचे मांस न खाण्याची प्रतिज्ञा करवून घेतली. आमच्या आज्यांनी उपाशी राहून ती पाळली. आता विषाने मेला की रोगाने मेला हे ठाऊक नसलेला मासा निम्म्या किमतीत घेणे हे त्या प्रतिज्ञेत बसते काय, याचा विचार भगिनींनी करावा. कल्ला उघडून पाहावा. लालभडक असेल तर ठीक, फिकट-करडा आणि बुळबुळीत असेल तर फुकट दिला तरी नको.

आमच्यातले काही धम्मबांधव विचारतात, पंचशील घेणाऱ्याने मासे पाळावेत काय? तथागतांनी उपासकासाठी जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले त्यात मांसाचा व्यापार आहे, हे खरे. हे बांधव आमचेच आहेत, त्यांचा प्रश्नही प्रामाणिक आहे, म्हणून तो आम्ही झटकून टाकीत नाही. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये गरजेपोटीची हत्या आणि हत्येची हौस यांत फरक केला आहे, आणि अहिंसेचा अर्थ नियम म्हणून नव्हे तर तत्त्व म्हणून घ्यावा असे समजावले आहे. ज्याच्याकडे दुसरा पर्याय आहे त्याने तो घ्यावा. ज्याच्याकडे नाही त्याला शाकाहाराचे व्याख्यान देण्याचा अधिकार आम्हांला वाटत नाही. मात्र एक निश्चित. ज्याने जीव पाळला त्याने त्याला गुदमरू देता कामा नये. तळ्याला पेलतील त्याच्या दुप्पट बोटुकल्या सोडायच्या आणि मे महिन्यात नशिबाला दोष द्यायचा, यात करुणाही नाही आणि धंद्याची अक्कलही नाही.

आता सरकारकडे वळू. केंद्राने २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी आपत्ती मदतीचे जे निकष लावले त्यात बारा आपत्ती होत्या. त्यात थंडीची लाट होती. उष्णतेची लाट नव्हती. राज्यांना आपल्या निधीतला दहा टक्क्यांपर्यंत भाग स्थानिक आपत्तींसाठी वापरण्याची मुभा दिली होती, बस्स. यादीत उष्णतेला जागा द्या, ही मागणी देशभरातून होत आली आहे आणि ती रास्त आहे. पण आम्ही म्हणतो, नुसती जागा मिळून नेसरीच्या माणसाचे भागणार नाही. ४० अंशांची रेघ कायम राहिली तर आमच्याकडे लाट कधी जाहीरच होणार नाही आणि तळी मात्र मरत राहतील. माशासाठी माप पाण्याचे लावा.

पूर आला की पंचनामा होतो. २००५, २०१९, २०२१ ला जिल्ह्याने पूर पाहिले, पंचनामेही पाहिले. उन्हाने मासे मेले की पंचनामा करणारा विचारतो, पूर आला काय? नाही. वीज पडली काय? नाही. मग मी काय लिहू? तलाठ्याला २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. पाटी बदलली, छापील नमुना तोच राहिला.

योजना नाहीत असे नाही. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० टक्के आणि अनुसूचित जाती-जमाती व महिलांना ६० टक्के अनुदान ठेवले. कागदावर उत्तम! पण तळे काढायला जमीन लागते, नाहीतर लांब मुदतीचा भाडेकरार लागतो. 'मागेल त्याला शेततळे' ही २०१६ ची योजना घ्या. नावात 'मागेल त्याला', अटीत किमान ०.६० हेक्टर जमीन. म्हणजे दीड एकर. वतनाच्या तुकड्यांचे तुकडे झालेल्या आमच्या समाजात दीड एकरवाले किती? २०१७ च्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजनेत अनुसूचित जाती व नवबौद्ध शेतकऱ्यांना विहीर आणि शेततळ्याचे अस्तरीकरण मिळते, ही चांगली गोष्ट. तिथेही सातबारा आधी. सातबारा नसलेल्यासाठी उरते ते गावतळे आणि पाझर तलाव. तिथे काय चालते? ठेका एकाच्या नावावर, पैसा दुसऱ्याचा, राबणारा तिसरा. मासे मेले तर नुकसान त्या तिसऱ्याचे, आणि भरपाई मिळालीच तर ती पहिल्याची.

२२ एप्रिल २०२५ ला महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. शेतीच्या दराने वीज, कर्ज, विमा अशी दारे त्याने उघडतात. आम्ही या निर्णयाचे स्वागत करतो. पण विजेचा एक गुंता कुणाच्या लक्षात आलेला दिसत नाही. शेतकरी वर्षानुवर्षे मागतो आहे की आम्हांला दिवसा वीज द्या, रात्री पाणी पाजताना साप चावतो. मागणी शंभर टक्के बरोबर आणि सौर योजना त्यासाठीच आहेत. माशाला मात्र वीज हवी ती पहाटे तीन ते सहा. पाण्यात हवा मिसळणारे यंत्र तेव्हाच फिरले पाहिजे. दुपारी बारा वाजता भरपूर वीज असून माशाला तिचा उपयोग थोडा. कृषीचा दर्जा देताना शेतीचेच वेळापत्रक माशाला चिकटवले तर दर स्वस्त होईल आणि मासा मरेल. मत्स्यतळ्यांसाठी पहाटेचा वेगळा पुरवठा, नाहीतर बॅटरीसह सौर संच, हे अनुदानात आले पाहिजे.

विम्याचेही तेच. फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजूर झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य किसान समृद्धी सह-योजनेत मत्स्यशेतीच्या विम्याला प्रोत्साहन आहे. विमा घेताना कागदावर उष्णतेने, प्राणवायू घटून झालेली मरतूक धरली आहे की नाही, हे वाचून घ्या. वाचता येत नसेल तर वस्तीतल्या एखाद्या वकिलाकडून, शिक्षकाकडून वाचून घ्या. सही नंतर.

न्यायालयाचा दरवाजा उघडा आहे. २१ मार्च २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने रणजितसिंह प्रकरणात, हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद १४ आणि २१ मध्ये आहे, असे मान्य केले. खटला होता माळढोक पक्ष्याचा! पक्ष्याच्या निमित्ताने माणसाचा हक्क निघाला, तर माशाच्या निमित्ताने मासेवाल्याचा का निघू नये? दुसरा निकाल २८ जानेवारी २०११ चा, जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य. गावतळ्यावरची अतिक्रमणे हटवा, असा तो प्रसिद्ध निकाल. तो आमच्या वस्त्यांवर बुलडोझर फिरवायला अनेकदा पुढे केला जातो, म्हणून त्याचा शेवटचा भाग पाठ करून ठेवा: सरकारी अधिसूचनेने भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना पट्टा दिला असेल तर ते अपवाद न्यायालयाने स्वतः नोंदवले आहेत. निकालाचा पहिला भाग तळे भरून प्लॉट पाडणाऱ्यांसाठी आहे. तो त्यांना वाचून दाखवायची हिंमत कुणी करीत नाही. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात बसते. तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. नेसरीच्या माणसाला आता रिट करायला मुंबईची गाडी धरावी लागत नाही.

चवदार तळ्याचे पाणी आमचे की नाही याचा निकाल लागायला मार्च १९२७ पासून मार्च १९३७ उजाडावे लागले. दहा वर्षे बाबासाहेब त्या खटल्याच्या मागे होते. तिथे प्रश्न ओंजळभर पाण्याचा होता. आज तळ्याचा ठेका, तळ्याचा गाळ, तळ्यातली मासळी आणि तळ्यावरचा आळ असे चार प्रश्न एकाच पाण्यात आहेत, आणि आमच्या गावोगावच्या शाखांच्या पत्रिकेवर त्यांतला एकही नाही.

तेव्हा या उन्हाळ्यापुरते. ज्यांनी मासे सोडले आहेत त्यांनी मे उजाडण्याआधी मोठे मासे काढून विकावेत. गर्दी कमी होते आणि पैसाही हाती येतो. पाणी पाच-सहा फुटांच्या खाली जाऊ देऊ नये. कडक उन्हाच्या आणि आभाळाच्या दिवसांत खाद्य अर्ध्यावर आणावे, मासे वर येऊ लागले तर बंद करावे. यंत्र नसेल तर पहाटे पंपाने त्याच तळ्याचे पाणी उंचावरून फवाऱ्यासारखे तळ्यातच सोडावे. तेवढ्यानेही जीव वाचतात. साधा तापमापक घ्यावा आणि पहाटे व दुपारी तीनला पाण्याचे तापमान वहीत तारखेसह लिहावे. ही वही धंद्याला उपयोगी आहे आणि उद्या कुणी विषाचा आळ घेतलाच तर पुरावा म्हणूनही. मासे मेले तर आधी फोटो, मग बर्फात ठेवलेले दोन-तीन ताजे मेलेले मासे आणि सावलीत ठेवलेले पाणी, त्याच दिवशी मत्स्यव्यवसाय विभागाकडे, लेखी अर्जासह.

आणि १ मे ला ग्रामसभा असते. गावतळे आणि पाझर तलाव कुणाच्या नावे ठेक्याने आहेत, किती रकमेला, किती मुदतीने, याची यादी वाचून दाखवावी आणि उष्णतेने झालेल्या मरतुकीचा पंचनामा करण्याचा ठराव घ्यावा, असा अर्ज त्याआधी आठ दिवस द्या. ठेक्याची प्रत मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात मागा. अर्जावर पाच-दहा भगिनींच्या सह्या असू द्या आणि पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नका.